साहेब ठरवून चुकायचे

गांगुर्डे साहेब आमच्या शेजारी राहायला आले, त्या संध्याकाळी दारात उभं राहून त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं ते असं: "नमस्कार बाई. यंदा दिवाळी आषाढात येतेय म्हणतात. पटतंय ना?"

मी कणीक मळत होते. तशीच बाहेर आले. माणूस उंच, काटकुळा, पायजम्याला सायकलच्या क्लिपा, काखेत छत्री आणि चेहरा असा गंभीर की जणू कुणाच्या घरी समाचारालाच आलेत.

"अहो, काहीतरीच काय!" मी म्हटलं. "दिवाळी आषाढात कशी येईल?"

झालं. त्यांचा चेहरा एकदम खुलला. खिशात हात घालून त्यांनी लिमलेटची गोळी काढली आणि माझ्या पीठ लागलेल्या तळहातावर ठेवली. "शाब्बास!" म्हणाले आणि शेजारच्या दाराचं कुलूप उघडायला निघून गेले. मी दोन पोरांची आई, शाळेत मुलं माझ्या नुसत्या पाहण्याला घाबरायची, आणि मी तिथे हातात लिमलेटची गोळी घेऊन उभी. मला इतका राग आला की ती गोळी मी तशीच तोंडात टाकली.

आमचे हे ऑफिसातून आल्यावर साहेबांनी त्यांनाही सोडलं नाही. "आपली गोदावरी इथून निघते ती सुरतेजवळ समुद्राला मिळते. पटतंय ना?" आमच्या ह्यांचा जन्म नाशकातला, पण नावापुढे 'साहेब' असलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नाही. "हो हो, तर!" म्हणाले, "आता तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच नाही." साहेबांनी खिशाकडे हातसुद्धा नेला नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, मिस्टर फार सज्जन आहेत हो तुमचे. पण त्यांना शिष्यवृत्तीला बसवू नका."

हळूहळू उलगडा झाला. गांगुर्डे साहेब शिक्षण विस्तार अधिकारी होते. म्हणजे खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळा तपासणारे साहेब. त्यांच्याकडे पेठ तालुका होता, सगळा डोंगर आणि घाट. एस.टी. जाईल तिथवर एस.टी.नं, पुढे पायी. शाळेत गेले की हजेरी बघायचे, फळा बघायचे, आणि मग वर्गापुढे उभे राहून धडधडीत खोटं बोलायचे. "सूर्य पश्चिमेला उगवतो. पटतंय ना?" "सात त्रिक चोवीस. पटतंय ना?" वर्ग एका सुरात "हो साहेब!" म्हणायचा. साहेबांचं लक्ष सुराकडे नसायचं. त्या सुरात कोण सामील नाही, कुणाचा चेहरा वाकडा झाला, कोण शेजारच्याला कोपरानं ढोसतंय, तिकडे त्यांचं लक्ष. तालुक्यातलं हुशार पोर शोधायची त्यांची ही रीत.

"सरकारनं चौथीला नि सातवीला परीक्षा ठेवलीय, ती चांगलीच आहे," ते मला सांगायचे. "पण बाई, पेपरात घोकणारं पोर सापडतं. ज्याच्या पोटात शंका आहे, ते सापडत नाही. आणि साहेबाला 'तुम्ही चुकलात' म्हणायला जे पोर धजतं, ते तर सोन्याचं. फक्त त्याला तेवढी संधी द्यायला पाहिजे. आपणच चुकलो नाही तर ते बिचारं आपल्याला सुधारणार कसं?"

याचा परिणाम असा झाला की तालुकाभर गवगवा झाला, नव्या साहेबाला काही म्हणजे काही येत नाही. एका वयस्कर गुरुजींना तर इतकी दया आली की त्यांनी साहेबांना एका बाजूला घेऊन चौथीचं भूगोलाचं पुस्तक दिलं आणि म्हणाले, "साहेब, घरी निवांत वाचा. कुणाला सांगत नाय मी." साहेबांनी ते पुस्तक मला आणून दाखवलं. हसता हसता त्यांच्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या.

घरात मात्र त्यांची डाळ शिजत नव्हती. गांगुर्डे वहिनींनी लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्याच्या सगळ्या चुका मन लावून सुधारल्या आणि मग कायमच्या सोडून दिल्या. साहेब जेवताना म्हणायचे, "आज कार्ल्याची भाजी गोड झालीय." वहिनी म्हणायच्या, "होऊ द्या." एकुलती एक मुलगी लग्न होऊन जळगावला गेलेली. बुद्धाच्या तसबिरीखाली दोन खुर्च्या टाकून दोघं संध्याकाळी बसायची, साहेब खोटं बोलायचे आणि वहिनी गहू निवडायच्या.

चाळीतल्या बाकीच्यांना सवय झाली, आणि सवयीचे तोटेही झाले. एकदा साहेब खालून ओरडले, "बाई, तुमच्या गच्चीवर माकडं आलीत. पापड खाताहेत. पटतंय ना?" मी शहाणी, वरूनच म्हटलं, "हो का? खाऊ द्या!" आणि निवांत चहा पीत बसले. थोड्या वेळानं गच्चीवर गेले तर एक माकड माझी साडी गळ्यात घालून कठड्यावर बसलेलं, दुसरं शेवटचा पापड मोडत होतं. उडदाचे पापड हो! साहेब खाली छत्री उगारून एकटेच लढत होते. "मी सांगत होतो तुम्हाला," ते म्हणाले. मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही.

पुढे माझा त्यांच्याशी कामाचाच संबंध आला. आमच्या शाळेत खेड्यापाड्यांतल्या हुशार मुलींसाठी पाचवीपासून एक खास वर्ग सुरू झाला. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं शाळेकडून. एका तालुक्यातून एकच मुलगी घ्यायची, आणि ती त्या भागाच्या साहेबांनी निवडायची. त्या वर्गाची बाई मी, मुलींच्या वसतिगृहाचं बघणारीही मीच. पेठ तालुक्याची मुलगी निवडायच्या वेळी साहेब म्हणाले, "बाई, या वेळी चला माझ्याबरोबर. आम्ही माणसं कशी शोधतो ते तरी बघा." गेले. घाट चढताना एस.टी.त दोनदा मळमळलं, आणि साहेब शेजारी बसून कंडक्टरला सांगत होते की नाशिकहून पेठ दक्षिणेला येतं.

आता गंमत अशी झाली होती की साहेबांची रीत फुटली होती. पगाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी सगळे गुरुजी जमतात. तिथे कुणीतरी बातमी फोडली की साहेब येडा नाही, साहेब मुद्दाम चुकतो, आणि जे पोर 'चूक' म्हणतं त्याला नाशकाला नेतो. आम्ही गेलो त्या पाड्यावरच्या शाळेत चौरे गुरुजी होते. माणूस मनानं चांगला, पण आपल्या शाळेचं नाव व्हावं ही हौस दांडगी. त्यांनी पोरांना आठवडाभर पढवलं होतं: साहेब काही बोलले की जोरात म्हणायचं, 'चूक, साहेब!'

साहेब वर्गापुढे उभे राहिले. खाकरले.

"सूर्य पश्चिमेला उगवतो. पटतंय ना?"

"चूक, साहेब!" कौलं हादरली.

साहेब चमकले. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी छताकडे पाहत होते. साहेब जरा थांबून म्हणाले, "दोन नि दोन चार. पटतंय ना?"

"चूक, साहेब!"

"पेठ नाशिक जिल्ह्यात आहे."

"चूक, साहेब!"

माझ्या तोंडाला पदर. साहेबांच्या मिशीचं एक टोक हलायला लागलं होतं. ते सावकाश म्हणाले, "तुमचे चौरे गुरुजी फार चांगले गुरुजी आहेत."

"चूक, साहेब!!"

हे तर सगळ्यांत मोठ्यानं. गुरुजींना दरदरून घाम फुटला. ते पुढे धावले, "अरे थांबा, थांबा रे, नालायकांनो!" आणि तेवढ्यात मागच्या ओळीतून एक बारकासा पण तापलेला आवाज आला.

"असं काय करताय रं? दोन न दोन चारच व्हत्यात ना! साहेब बराबर बोलतंय."

सगळा वर्ग मागे वळला. एक सावळी, किडकिडीत पोर उभी होती. हाताच्या मुठी वळलेल्या. तिला रागानं रडू यायचं बाकी होतं. तिचं नाव मंजी.

"मग गुरुजींचं काय?" साहेबांनी विचारलं.

मंजीनं गुरुजींकडे बघितलं. विचार केला. "गुरुजी चांगलं हायेत," ती म्हणाली. "पन हे असं म्हनाया शिकवलं, ते चांगलं नाय केलं."

चौरे गुरुजी मटकन खुर्चीत बसले. साहेबांनी खिशात हात घातला आणि होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या गोळ्या मंजीच्या ओंजळीत ओतल्या. परतताना नाशिक दिसायला लागल्यावर म्हणाले, "बाई, चुकलेल्या साहेबाला चूक म्हणणारी पोरं मला सापडली होती. पण सगळं गाव चूक म्हणतंय आणि ही एकटी उभी राहून बरोबर म्हणते. हे आजवर पाहिलं नव्हतं."

मंजीच्या बापाला तयार करायला साहेबांना तीन फेऱ्या माराव्या लागल्या. बाप साधा, नागलीचं, म्हणजे नाचणीचं, नि भाताचं रान करणारा. त्याची अडचण पैशाची नव्हतीच. "साहेब, तिथं तिचं कोन हाय?" एवढंच तो विचारायचा. साहेब सांगायचे, बाई आहेत, मी आहे. बाप मान डोलवायचा आणि पुन्हा तेच विचारायचा. अखेर जूनमध्ये मंजी आली.

आणि इथूनच खरं दुखणं सुरू झालं.

पहिल्याच आठवड्यात वर्गात तिनं 'हाय' म्हटलं, 'लय' म्हटलं, अजून काही तिच्याकडचे शब्द म्हटले, आणि सगळ्या मुली हसल्या. वाईट मुली नव्हत्या त्या, मुली हसतात. पण मंजी त्या दिवशी जी मिटली ती मिटलीच. जेवायला बसायची, अर्धी पोळी ताटात तशीच. गणितं सगळी बरोबर यायची, पण फळ्यापाशी बोलावलं की नुसती उभी. आणि काहीही विचारलं तरी एकच उत्तर, "हो बाई."

मला राहवलं नाही. गुरुवारी मी तिला म्हटलं, "मंजी, आज सोमवार ना गं?"

"हो बाई."

साहेबांना सांगू की नको असं झालं. पण ते स्वतःच रविवारी आले, व्हरांड्यात तिच्यासमोर बसले आणि मोठ्या आशेनं म्हणाले, "मंजे, पाच नि चार आठ. पटतंय ना?"

"हो साहेब," मंजी म्हणाली.

मी त्यांना चहा दिला होता, तो तसाच गार झाला. एवढा बोलका माणूस, छत्रीची दांडी चाचपत बसून राहिला. जाताना मला म्हणाले, "बाई, पोर शोधली मी. आणली मी. आणि आणून घालवली की काय?"

त्यानंतर साहेबांनी उपायांचा सपाटा लावला. वहिनींकडून नागलीच्या भाकरी करवून आणल्या. वहिनी देवळ्याकडच्या, बाजरीत वाढलेल्या. त्यांनी केलेली नागलीची भाकरी डब्यातून काढली तर तिचा दगड झालेला. मंजीनं ती खाल्ली आणि "हो साहेब, चांगली आहे" म्हणाली. मग साहेबांच्या डोक्यात आलं की घरी ती कोंबड्या राखायची, म्हणून एका रविवारी पिशवीत जिवंत कोंबडी घालून आले. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शिस्तीच्या कडक. "साहेब, ही शाळा आहे की खुराडं?" त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, "शाळाच आहे, आणि कोंबडी तासाला बसणार नाही." दोघांची जुंपली तेवढ्यात कोंबडी पिशवीतून सुटली, मोठ्या बाईंच्या टेबलाखाली शिरली आणि काय सांगू, तिथेच अंडं घालून मोकळी झाली. मंजी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. हसली म्हणजे काय, ओठ जरासे फाकले. साहेबांना तेवढ्यानं आभाळ ठेंगणं झालं. कोंबडी मात्र वहिनींकडे गेली, आणि मंजी दुसऱ्या दिवशी पुन्हा "हो बाई."

दिवाळीच्या सुट्टीत बाप न्यायला आला. मंजीनं आपलं सगळं सामान बांधलं. ट्रंकेत भरलं, काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही. ते पाहून मी समजले.

सुट्टी संपली. सगळ्या मुली आल्या, मंजी आली नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. मोठ्या बाई म्हणाल्या, "सोनवणे बाई, शनिवार संध्याकाळपर्यंत थांबू. नंतर ती जागा दुसऱ्या मुलीला द्यावी लागेल. नियम आहे." त्या काही दुष्ट नव्हत्या, त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी होतं. मी साहेबांना सांगितलं. ते बुधवारी पेठला जाऊन आले, पण घरी परतले ते कुणाशी न बोलता. मी मुद्दाम जिन्यात गाठून विचारलं, तर म्हणाले, "बघू."

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी सीबीएसच्या एस.टी. स्टँडवर गेले. म्हटलं, निदान पेठची गाडी तरी बघावी. तर साहेब आधीच तिथे. बाकावर, छत्री मांडीवर आडवी, केव्हाचे बसले होते कोण जाणे.

"जेवलात का?" मी विचारलं.

"जेवलो," ते म्हणाले. ती थाप होती, आणि नेहमीची नव्हती.

मी शेंगदाणे घेतले नि शेजारी बसले. एक गाडी आली. उतरली सगळी मोठी माणसं, कांद्याच्या पाट्या, एक शेळी. मंजी नाही.

"तुम्ही गेला होतात ना बुधवारी?" मी म्हटलं. "मग आणली का नाही बरोबर? साहेब म्हणून दरडावलं असतं तर बापानं पाठवली असती."

"बापानं पाठवली असती," ते म्हणाले. "पण बाई, तिला 'हो साहेब' म्हणायला लावून आणायची, तर आणायची कशाला? मी तिला फक्त खरं सांगितलं. म्हटलं, मंजे, तिथं एकटं वाटतं. फार वाटतं. ते काही लगेच जात नाही, मी तुला खोटं सांगणार नाही. पण तुझं डोकं असं आहे की ते इथं राहिलं तर मला झोप लागणार नाही. आता तूच ठरव. यायचं असलं तर शनिवारपर्यंत ये. नाही आलीस तरी मी रागावणार नाही."

"मग ती काय म्हणाली?"

"काहीच नाही. ऐकत होती." त्यांनी शेंगदाण्याचं एक टरफल बोटात धरून चुरडलं. "मलाही असंच आणलं होतं, बाई. देवळ्याजवळचं आमचं गाव. एका मास्तरांनी ओळखलं की पोरगं हुशार आहे, नाशकात बोर्डिंगात घातलं. पहिल्याच महिन्यात सरांनी फळ्यावर हिशोब चुकवला. मी उभा राहून म्हटलं, 'सर, हाई चुकेल शे.' आमच्याकडं असंच बोलतात, अहिराणी. सगळा वर्ग हसला. सरही हसले. हिशोब चुकला होता, तो तसाच राहिला फळ्यावर. त्यानंतर मी 'हो सर' म्हणत राहिलो, आणि पावसाळा संपायच्या आत पळून गेलो. चालत. घरच्यांना वाटलं, पोराला काही येत नसेल म्हणून काढलं. मला परत न्यायला कुणी आलं नाही. पुढं उशिरा उशिरा शिकलो, मास्तर झालो, साहेब झालो. वाईट काही झालं नाही. पण मी फार हुशार होतो हो, बाई. खरंच होतो."

एरवी माझी जीभ तिखट, पण त्या वेळी मी नुसते शेंगदाणे सोलून त्यांच्या हातावर ठेवत राहिले, आणि ते न बघता खात राहिले. अगदी भुकेल्या माणसासारखे.

ऊन उतरलं. पेठची शेवटची गाडी आली, टपावर गाठोडी लादलेली. माणसं उतरली. मी एकेक डोकं बघत होते. कंडक्टर उतरला. साहेब उठलेच नाहीत, मान खाली घालून बसले होते.

आणि मग दारात मंजी दिसली. डोक्यावर ट्रंक.

"साहेब!" मी ओरडले. सगळ्या स्टँडनं वळून पाहिलं असेल. "साहेब, आली हो! आली पोर!"

माझ्या छातीवरचं धोंड्याएवढं ओझं उतरलं. मी धावले, ट्रंक घेतली, तिचे गाल कुरवाळले, लाज सोडून रडले. साहेब मागून येत होते, एकेक पाऊल टाकत, जणू घाईत आले तर ती परत गाडीत चढेल. जवळ आले तेव्हा आम्हाला दिसलं, मंजीच्या मागे अजून एक पोर उभी होती. तिच्याहून बुटकी, नाक वाहतंय, केस तेलानं चप्प बसवलेले, हातात गाठोडं. मंजीनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"ही कोण गं?" साहेबांनी विचारलं.

"काशी," मंजी म्हणाली. "आमच्या शेजारची. हिला पन घ्या."

नियम मला पाठ होता, त्यांनाही होता. एका तालुक्यातून एकच. तरी त्यांच्या डोळ्यांत आशा चमकली, जन्माची खोडच ती. ते काशीपुढे वाकले. "ही पण हुशार आहे होय? तुझ्यासारखी?"

"नाय साहेब," मंजी ठणठणीत आवाजात म्हणाली. जूनपासून तिनं साहेबांना म्हटलेलं हे पहिलं 'नाही'. "ही काय हुशार नाय. हिला पाढं पन येत नाय. दोनदा नापास झाली."

"हो, झाली," काशीनं आनंदानं सांगितलं.

"मग कशाला आणलीस तिला?"

"बोलाया," मंजी म्हणाली. "तुमीच म्हनला, तिथं एकटं वाटतं. मंग मी हिच्या आयला इचारलं. ही असली तर मी ऱ्हाते. नायतर जाते परत."

ती आणि काशी दोघी साहेबांच्या तोंडाकडे बघत उभ्या. गाडी वळवायला ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, आता हा माणूस नियम सांगणार. मोठ्या बाईंना काय सांगायचं, जेवणाचा खर्च कुठे दाखवायचा, हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. साहेबांनी खाली वाकून काशीचं गाठोडं उचललं आणि खांद्याला मारलं.

"ही आमच्या घरी राहील," ते मला म्हणाले. "शाळा गल्लीच्या तोंडाशी आहे, तिथं चौथीत बसेल. मंजी रोज संध्याकाळी येईल हिच्याकडे, रविवारी दिवसभर. मोठ्या बाईंना मी सांगतो. तुमच्या वहिनींना तुम्ही सांगा, तुमचं ऐकतात त्या."

वहिनींना काय सांगायचं होतं! काशीला दारात बघून त्यांनी पहिल्यांदा तिचं नाक पुसलं आणि मगच माझ्याकडे वळून विचारलं, ही कोण म्हणून.

पण ते नंतरचं. स्टँडवरून आम्ही टांगा केला. मागे दोघी पोरी, पुढे आम्ही. काशीच्या तोंडाला खळ नव्हता. हे एवढं मोठं घर कोनाचं, तो दिवा हातानं लावत्यात का, घोड्याला रात्रीचं दिसतं का. आणि मंजी, आमची महिनोन्‌महिने मुकी बसलेली मंजी, तिच्या तोंडावर तोंड टाकून बोलत होती: नाय गं, घर नाय, बँक हाय; हातानं नाय गं, बटन अस्तं; तुला काय बी समजत नाय, काशे, मी सांगते ना. मी कान देऊन ऐकत होते. इतकं बरं वाटत होतं की टांगा असाच फिरत राहावा.

साहेब मात्र मागे वळून एकदाही बघत नव्हते. रस्त्याकडे डोळे, मांडीवर ते गाठोडं. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, "आमच्या गावात भिका म्हणून होता. माझ्याच वयाचा. शाळेत ढ, पण दिवसभर माझ्याशी बोलायचा."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"एवढा हुशार म्हणून मला आणलं बाई, आणि भिकाला संगं घेऊन यावं, हे मला सुचलं नाही."